याद्यांवर जे लिहीत नाही ते: लग्नपूर्व करार करायचा की नाही, कसं ठरवावं

लग्न ठरलं की आपल्याकडे याद्या होतात. कागदाच्या कोपऱ्यांना हळदकुंकू, वर ‘श्री गजानन प्रसन्न’, खाली दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या सह्या. हॉलचं भाडं कोणाकडे, मानाच्या साड्या किती, वरमाईला काय, जेवणावळीचा खर्च कसा वाटायचा, सगळं पांढऱ्यावर काळं होतं. लग्नाआधी लेखी ठराव करायला मराठी माणूस लाजतो असं कोणी म्हणू नये. तो साड्यांचं लिहितो, फ्लॅटच्या हप्त्याचं लिहीत नाही, इतकंच.

मी पुण्यात कौटुंबिक वकिली करते. ‘आम्हाला प्रीनप करायचाय’, म्हणजे लग्नपूर्व करार, असं म्हणत येणारी जोडपी आता नवलाची राहिली नाहीत. त्यातल्या बऱ्याच जणांना मी सांगते की तुम्हाला त्याचा उपयोग नाही, दुसरे कागद करा. आणि ज्यांना खरंच गरज असते ते सहसा येत नाहीत, कारण घरात कोणीतरी म्हणालेलं असतं, ‘लग्नाआधीच काडीमोड लिहिताय का?’ तुम्ही यातले कोण, ते शोधायच्या पायऱ्या खाली देते.

पहिली पायरी: तुम्हाला कोणता कायदा लागतो?

इथेच बहुतेकांची गल्लत होते. महाराष्ट्रात हिंदू विवाह कायदा, १९५५ खाली (त्यात बौद्ध, जैन, शीखही आले) किंवा विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न झालं, तर लग्न झाल्याने मालमत्ता एकत्र होत नाही. ज्याच्या नावावर जे आहे ते त्याचंच राहतं. ‘घटस्फोट झाला की अर्धं जातं’ हा समज अमेरिकन चित्रपटांतून आलेला आहे. आपल्याकडे अर्धं आपोआप कोणाला मिळत नाही.

मग भांडण कशावरून होतं? पोटगी, राहत्या घरात राहण्याचा हक्क, स्त्रीधन (बायकोला मिळालेले दागिने आणि भेटी) आणि मुलांचा ताबा. आणि नेमक्या याच चार गोष्टी करार करून सोडता येत नाहीत. म्हणजे महाराष्ट्रातला लग्नपूर्व करार, जे आधीच सुरक्षित आहे त्याला कुलूप लावतो आणि ज्याची धास्ती आहे त्याला लावू शकत नाही. हे एक वाक्य समजलं तरी अर्धी फी वाचेल.

यामागे भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २३ आहे. सार्वजनिक धोरणाविरुद्ध असलेला करार रद्दबातल. न्यायालयांनी हे कलम लग्नाच्या करारांना फार पूर्वीपासून लावलं आहे. १९०१ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयापुढे एका घरजावयाचं प्रकरण आलं होतं. बायकोला तिच्या माहेरच्या घरातून कधीही हलवणार नाही, असं त्याने लग्नाआधी लिहून दिलं होतं. न्यायालयाने ते मानलं नाही. अलीकडचं बघायचं तर २०१३ च्या नागेंद्रप्पा नाटीकर विरुद्ध नीलम्मा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एकरकमी पैसे घेऊन ‘पुढे पोटगी मागणार नाही’ असं पत्नीने लिहून दिलं असलं, तरी तिचा कायद्याने मिळालेला हक्क संपत नाही. तिथे तर भांडण झाल्यानंतरचं लिहून देणं होतं, लग्नाआधीच्या कागदाची काय कथा!

करार करायला बंदी आहे असा मात्र याचा अर्थ नाही. कोणाकडे लग्नाच्या दिवशी काय होतं, कोणी किती पैसे घातले, याचा पुरावा म्हणून तो कागद न्यायाधीशांपुढे ठेवता येतो. महाराष्ट्रात त्याची खरी किंमत एवढीच, पण एवढीही कमी नसते.

मुस्लिम लग्न मुळातच करार आहे. मेहेरची, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम, ती कधी द्यायची, पत्नीला घटस्फोटाचा अधिकार सोपवण्याची अट, हे निकाहनाम्यात (निकाहाच्या लेखी करारात) लिहिता येतं. तिथे वेगळा प्रीनप शोधत बसण्यापेक्षा निकाहनाम्याच्या रिकाम्या रकान्यांकडे लक्ष द्यावं. लोक ते रिकामेच सोडतात. ख्रिस्ती जोडप्यांच्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात कलम ४० आहे, त्याखाली न्यायालय लग्नाआधीच्या आणि नंतरच्या मालमत्ता-व्यवस्थेची चौकशी करू शकतं. गोवा आणि परदेश यांचं गणितच निराळं, त्याकडे पुढे येते.

दुसरी पायरी: दोघांनी वेगवेगळ्या खोलीत बसून दोन पानं लिहा

करार व्हायचा असो वा नसो, ही पायरी चुकवू नका. नमुना आयता आहे. पोटगीच्या प्रकरणात दोघांनी आपापली मिळकत आणि देणी प्रतिज्ञापत्रावर सांगायची, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात ठरवून दिलं आणि निकालाला त्याचा तक्ताही जोडला. पगार, इतर उत्पन्न, अवलंबून असलेली माणसं, स्थावर, जंगम, कर्ज, सगळे रकाने त्यात आहेत. भांडण झाल्यावर भरायचा तो तक्ता प्रेमात असताना भरा. जरा विचित्र वाटेल, पण यापेक्षा चांगला मी अजून पाहिलेला नाही.

माणसं फ्लॅट आणि म्युच्युअल फंड बरोबर लिहितात. विसरतात ते हे: मित्रासाठी किंवा चुलत्यासाठी पतसंस्थेत जामीनदार म्हणून केलेली सही. वडिलांच्या दुकानाच्या कॅश क्रेडिटला (धंद्यासाठीच्या बँक कर्जाला) गहाण असलेलं राहतं घर. बहिणीच्या शिक्षणाचं कर्ज. सातबाऱ्यावर नाव आहे पण वाटप झालेलं नाही अशी गावची जमीन. लग्नानंतर दोन वर्षांनी पतसंस्थेची नोटीस दारात आली की बायको ‘मला सांगितलं का नाही’ एवढंच विचारते, आणि त्याला चांगलं उत्तर नसतं.

मग पानं अदलाबदल करा. समोरचा माणूस पान द्यायलाच तयार नसेल, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर करारापर्यंत न जाताच मिळालं.

तिसरी पायरी: गरज कोणाला आहे?

दोघंही पहिल्यांदा लग्न करताहेत, दोघं नोकरीत आहेत, नावावर फार काही नाही, इथेच राहणार आहेत: करार करू नका. तुमचा प्रश्न पुढे घेतल्या जाणाऱ्या घराचा आहे, आणि तो प्रीनपने नव्हे, घराच्या कागदांनी सुटतो.

यावर जरा थांबते, कारण माझ्याकडे येणारं सगळ्यात जास्त दुखणं हेच आहे. घर दोघांच्या नावावर असतं. हप्ता त्याच्या खात्यातून जातो. किराणा, शाळेची फी, कामवाल्या बाईंचा पगार, गॅस, आईंची औषधं तिच्या खात्यातून. दहा वर्षांनी बँकेचा उतारा काढला की घर त्याने घेतलं असं दिसतं आणि तिने नुसतं खाल्लं असं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४५ नुसार सहमालकांचा वाटा ज्याने जितके पैसे घातले त्या प्रमाणात धरला जातो, आणि पुरावा नसेल तर समान. त्यामुळे उपाय साधा आहे. खरेदीच्या करारनाम्यातच हिस्सा लिहा: ५० टक्के आणि ५० टक्के, किंवा जे ठरलं असेल ते. हप्त्यासाठी संयुक्त खातं उघडा आणि त्यात दोघांनी दर महिन्याला पैसे भरा. घरखर्च दुसऱ्या खात्यातून करा, तोही दोघांनी. सासऱ्यांनी डाऊन पेमेंटला पैसे दिले असतील तर ते उसने की भेट, हे एका साध्या कागदावर लिहून सही घ्या. ‘घरच्यांत कसला कागद’ म्हणणारेच पुढे इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) घेऊन माझ्याकडे येतात.

गरज असते ती पुनर्विवाहाला. नावं सोडून एक उदाहरण देते, तपशील थोडे बदलून. ती शेहेचाळीसची, विधवा, मुलगा कॉलेजात, कोथरूडचा फ्लॅट पहिल्या यजमानांकडून आलेला. तो बावन्नचा, घटस्फोटित, दोन मुली. दोघांना एका ओळीचा करार हवा होता: ‘एकमेकांच्या मालमत्तेवर हक्क सांगणार नाही.’ मी म्हटलं, ही ओळ पुरणार नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली, तर तिची मुलं आणि नवरा बरोबरीने वारस होतात. मूल असेल तर घर पहिल्या नवऱ्याकडून आलं होतं हे बघितलं जात नाही. म्हणजे तिच्या मुलाला बापाचं घर सावत्र वडिलांबरोबर निम्मं वाटून घ्यावं लागलं असतं. आणि पुढे मिळू शकणाऱ्या वारसाहक्काची आजच विल्हेवाट लावता येत नाही. ती नुसती आशा आहे, मालमत्ता नाही, असं कायदा मानतो.

दोघांनी मग नोंदणीकृत मृत्युपत्रं केली. मालकी आपापल्या मुलांना, पण मागे राहिलेल्या जोडीदाराला त्या घरात हयातभर राहण्याचा हक्क. त्यांचा तो एका ओळीचा करारही झाला, फक्त दोन पानांचा: लग्नाच्या दिवशी कोणाचं काय आहे त्याची यादी आणि घरखर्चाची वाटणी. मुलं आधी गप्प गप्प असायची. कागद झाल्यावर तिचा मुलगा ‘अहो’वरून ‘काका’वर आला, असं ती नंतर सांगत होती.

गरज असलेले आणखी दोन प्रकार: भागीदारीतला किंवा घरच्या कंपनीतला धंदा असलेले, आणि लग्नानंतर परदेशी जाणारे.

चौथी पायरी: काय लिहायचं, काय नाही

लिहावं: लग्नाच्या दिवशीची मालमत्ता आणि कर्जं, स्त्रीधनाची वजनासकट यादी, घरखर्च आणि हप्ते कसे वाटायचे, एकाच्या धंद्याच्या कर्जाला दुसऱ्याने जामीन राहायचं नाही, आईवडिलांना दरमहा पाठवायची रक्कम, एकाने मुलासाठी नोकरी सोडली तर दुसऱ्याने त्याच्या किंवा तिच्या नावावर बचत कशी करायची. हे शेवटचं कलम मला सगळ्यात मोलाचं वाटतं आणि ते कोणी आपणहून मागत नाही.

लिहू नये: पोटगी सोडली, घरातून निघून जाईन, मुलाचा ताबा अमक्याकडे, घटस्फोटाला हरकत घेणार नाही, २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली तक्रार करणार नाही. अशी कलमं टिकत नाहीतच, शिवाय सगळा कागद दबावाखाली झाला असा वास आणतात.

एक सापळा वेगळा सांगते. ‘लग्नाच्या बदल्यात अमुक फ्लॅट देईन’ अशी भाषा चुकूनही नको. हुंडा प्रतिबंधक कायदा, १९६१ लग्नाच्या संदर्भात दिलेल्या किंवा देण्याचं कबूल केलेल्या मालमत्तेला हुंडा म्हणतो (मेहेर त्यातून वगळलेला आहे) आणि तसा करार रद्दबातल ठरवतो. त्याच कायद्याखालच्या १९८५ च्या नियमांनी मात्र वधूला आणि वराला मिळालेल्या भेटींची लेखी यादी करायला सांगितलं आहे. कोणी काय दिलं, अंदाजे किंमत, नातं, सह्या. म्हणजे सरकारही याद्या कराच म्हणतं! ती करा, दागिन्यांच्या पावत्या जोडा, फोटो काढून ठेवा. स्त्रीधन पत्नीच्या एकटीच्या मालकीचं असतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या प्रतिभा राणी प्रकरणात सांगितलं आणि २०२४ मध्ये पुन्हा सांगितलं. वाद मालकीचा नसतो. ‘सोनं होतंच कुठे’ असा असतो.

पाचवी पायरी: प्रीनपचं काम करणारे दुसरे कागद

मृत्युपत्र सांगून झालं. त्यात भर एवढीच की ख्रिस्ती आणि पारशी व्यक्तीचं आधीचं मृत्युपत्र लग्नाने आपोआप रद्द होतं, हिंदूचं होत नाही. नॉमिनी हा मालक नसतो, वारसांसाठी सांभाळणारा असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये विम्याबाबत सांगितलं आणि २०२३ मध्ये शेअर्सबाबतही सांगून झालंय. (आयुर्विम्यात नवरा-बायको, आईवडील किंवा मुलं नॉमिनी असतील, तर २०१५ च्या दुरुस्तीनंतर हे तितकं सरळ राहिलेलं नाही.) तरी नॉमिनी बदलाच. पीएफचं तर लग्नाआधीचं नामनिर्देशन लग्नानंतर चालतच नाही, नवीन भरावं लागतं.

धंदेवाल्यांसाठी १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा आहे. त्याच्या कलम ६ खाली नवऱ्याने स्वतःच्या आयुष्याचा विमा बायको-मुलांसाठी काढला, तर तो त्यांच्यासाठीचा विश्वस्त निधी होतो आणि धंद्यातल्या देणेकऱ्यांना सहसा त्याला हात लावता येत नाही. पॉलिसी घेतानाच तसं सांगून फॉर्म भरावा लागतो, नंतर जमत नाही. दीडशे वर्षं जुना कायदा, एका पानाचा फॉर्म, आणि एजंट बहुधा सांगत नाही.

जोडीदाराच्या नावावर घर करायचं असेल तर बक्षीसपत्र. महाराष्ट्रात पती-पत्नीला राहतं घर किंवा शेतजमीन बक्षीस द्यायला मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, नोंदणी आणि काही ठिकाणी स्थानिक अधिभार वेगळा. पण त्या घराचं भाडं आयकरात देणाऱ्याच्याच उत्पन्नात धरतात, हे लक्षात ठेवा.

गोव्यात लग्न किंवा गोव्याचं सासर

गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा अजून लागू आहे. तो तिथे १८७० मध्ये आला आणि मुक्तीनंतर १९६२ च्या कायद्याने चालू ठेवला गेला. त्यानुसार काहीच केलं नाही, तर पती-पत्नीची सगळी मालमत्ता एकत्र होते, लग्नाआधीची आणि वारशाने आलेलीसुद्धा, आणि दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा. एकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय स्थावर विकता येत नाही. उत्पन्नही अर्धं-अर्धं धरलं जातं, म्हणून १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ५अ खास घालावं लागलं.

हे नको असेल तर लग्नाआधी नोंदणी कार्यालयात दस्त करून वेगळी पद्धत निवडता येते: मालमत्ता पूर्ण वेगळी, किंवा आधीची वेगळी आणि लग्नानंतर कमावलेली एकत्र. इथे करार खऱ्या अर्थाने बंधनकारक आहे, पण लग्न झाल्यावर बदलता येत नाही. गोव्यात लग्नाची नोंदणी दोन टप्प्यांत होते. दस्त त्याआधी हवा. नोटरीसमोर केलेला साधा कागद चालणार नाही. मृत्युपत्राने सांभाळून घेऊ म्हणाल तर तेही पूर्ण जमत नाही, कारण मुलं असली की आपल्या हिश्शाचा निम्मा भाग त्यांच्यासाठी राखीव असतो.

सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडची कितीतरी स्थळं पेडणे-म्हापशाला जुळतात, आणि मुलीकडचे ‘लग्न आमच्याकडे आहे, गोव्याचा कायदा काय लागणार’ म्हणून निर्धास्त असतात. तसं राहू नका. गोव्याच्या रहिवाशाच्या मुंबईतल्या मालमत्तेच्या वारशालाही गोव्याचाच कायदा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये जोझे पावलो कुतिन्हो प्रकरणात सांगितलं. याद्यांच्या आधी गोव्यातल्या वकिलाला एकदा विचारा.

परदेशी जाणार असाल तर

कॅलिफोर्नियात लग्नानंतरची कमाई दोघांची धरतात, न्यू जर्सीत न्यायालय ‘न्याय्य’ वाटणी करतं. तिथे करार चालतो, पण तिथल्या नियमांनी केलेला. कॅलिफोर्नियात अंतिम मसुदा हातात आल्यापासून सहीपर्यंत सात दिवस जावे लागतात, आणि पोटगी सोडायची असेल तर सोडणाऱ्याचा स्वतंत्र वकील सहीच्या वेळी हवाच. पंधरा दिवसांच्या रजेवर आलेला मुलगा हळदीच्या आदल्या रात्री कागद पुढे करत असेल, तर तो टिकण्याची आशा कमी आहे. इंग्लंडमध्ये २०१० च्या राडमाखर निकालापासून, दोघांनी समजून-उमजून केलेला करार न्यायालय सहसा मानतं, पण अन्याय होत असेल तर बाजूला ठेवतं.

मुलीच्या आईवडिलांना माझं सांगणं: करार इंग्रजीत असेल आणि मुलगी इंग्रजीत शिकलेली असली, तरी त्या राज्यातल्या वकिलाशी तिचं तिने बोलू द्या, फी तुम्ही भरा. मुलाकडच्यांनी सुचवलेला वकील तिचा नव्हे. तिथल्या न्यायालयाचा हुकूम इथे चालवायचा झाला तर ब्रिटन, सिंगापूर, संयुक्त अरब अमिरातीचा थेट चालवता येतो, अमेरिकेचा नाही. त्यासाठी इथे नवा दावा लागतो. म्हणून मालमत्ता जिथे आहे तिथले कागद वेगळे करा.

सहीचा दिवस

पत्रिका छापायला द्यायच्या आधी हे संपलेलं असावं, निदान दोन महिने आधी. दोघांचे वकील वेगळे. ज्याला मराठीच सोयीची त्याच्यासाठी मराठी मसुदा. स्टँप आता शंभरचा नाही, महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा लागतो. स्थावराची देवघेव करारातच असेल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदणी लागते आणि शुल्कही वेगळं. प्रत्येक पानावर सह्या, दोन साक्षीदार, त्यातला एक तरी वयाने लहान असावा. वीस वर्षांनी साक्षीला यायला तो हवा ना!

लग्न झालेलं आहे, आता करार?

लग्नानंतरचा करार इथे दोन कारणांनी केला जातो. एक, सगळं छान चाललंय पण धंदा सुरू करायचाय किंवा वारसा आलाय. त्याला वरचेच कागद लागतात. दुसरं, खटके उडालेत आणि समेटाच्या अटी लिहायच्यात.

या दुसऱ्यासाठी १९०० सालचं राजलखी दाबी विरुद्ध भूतनाथ मुखर्जी हे प्रकरण आठवावं. नवरा-बायकोची भांडणं झाली, नवऱ्याने बायकोला पैसे देण्याचं नोंदणीकृत कागदावर कबूल केलं आणि त्यात भांडणांचा उल्लेखही केला. जवळच्या नात्यातला, नैसर्गिक माया-प्रेमापोटी केलेला नोंदणीकृत करार मोबदल्याशिवायही चालतो, असं करार कायद्याचं कलम २५ म्हणतं. पण कागदातूनच प्रेम उरलेलं नाही हे दिसतंय, असं म्हणत न्यायालयाने तो फेटाळला. बिचारीला कागद प्रामाणिक असल्याचा तोटा झाला.

म्हणून समेटाच्या कागदात दोन्हीकडून काहीतरी दिलं-घेतलं गेलेलं लिहा: ती दावा मागे घेते, तो वेगळं घर भाड्याने घेतो आणि दरमहा अमुक रक्कम तिच्या खात्यात टाकतो. दावा चालू असेल तर मध्यस्थाकडे बसून न्यायालयातच तडजोड नोंदवा. आणि दोघांचंही मन उठलेलं असेल, समेट नुसता घरच्यांसाठी चालला असेल, तर पोस्टनपचा, म्हणजे लग्नानंतरच्या कराराचा, मसुदा घेऊन येऊ नका. तिथे परस्परसंमतीने घटस्फोटाचा, हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खालचा अर्ज लागतो. त्यातल्या पैशाच्या आणि मुलांच्या अटी हुकूमनाम्यात आल्या की त्या पाळल्या नाहीत तर त्याच न्यायालयात वसुलीला जाता येतं.